पोरांचा निकाल बघतो, हॉटेलचा कोण बघणार?

गेल्या वर्षी १ मेला माझ्या धाकट्याचा सहावीचा निकाल लागला. झेंडावंदन करून घरी आला तो निकालपत्रक नाचवतच. "आई, ठरलं होतं ना? आज चायनीज!" ठरलं होतंच. वर्षभर 'आधी अभ्यास कर, मग बघू' असं म्हणत मीच त्याला ते गाजर दाखवत होते. संध्याकाळी मी, दोन्ही मुलं आणि माहेरपणाला आलेली नणंद असे चौघं पाथर्डीतल्या एका गाडीवर जाऊन उभे राहिलो. फ्राइड राइस, मंचुरियन, लालभडक चटणी. पोरं खूश, वन्सं खूश, आणि मी तर काय, घरी जाऊन पोळ्या लाटायच्या नाहीत म्हणून जरा जास्तच खूश!

रात्री अकराच्या सुमाराला धाकट्याला पहिली उलटी झाली. मला वाटलं, उन्हातान्हात हुंदडलाय, होतं असं. साखर-मिठाचं पाणी पाजलं. पण बारापर्यंत पाच उलट्या झाल्या आणि पोरगं गळून गेलं. मिस्टर बाहेरगावी. शेजारच्या भाऊंनी गाडी काढली, डॉक्टरांना उठवलं, सलाईन लागलं. पहाटे त्याने डोळे उघडून "आई, पाणी" म्हटलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "भात खाल्ला होता का बाहेर?" मी चाट! मी तर मनातल्या मनात मंचुरियनला आणि त्या लाल रंगाला शिव्या घालत होते. डॉक्टर म्हणाले, "नक्की कशाने झालं ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण इतक्या लवकर उलट्या सुरू झाल्या की भाताची शंका येते." मग त्यांनी जे समजावून सांगितलं ते मला पंधरा-सोळा वर्षं चूल सांभाळूनही माहीत नव्हतं. तांदळात एक जंतू असतो, बॅसिलस सेरियस नावाचा. त्याचे बीजाणू भात शिजवला तरी मरत नाहीत. भात शिजवून तसाच बाहेर ठेवला, तोही मे महिन्याच्या उकाड्यात, की ते वाढतात आणि भातात विष तयार करतात. आणि हे विष नंतर कितीही मोठ्या आचेवर परतलं तरी जात नाही! म्हणजे 'गरमागरम समोर करून देतोय, मग काय भीती?' हे जे आपण समजतो ना, तेच मुळी चुकीचं.

दोन दिवसांनी मी तणतणत त्या गाडीवर गेले. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून गेले होते. तो पोरगा बिचारा ऐकूनच घाबरला. म्हणाला, "ताई, भात दुपारीच करून ठेवावा लागतो. ताज्या गरम भाताचा फ्राइड राइस केला तर गोळा होतो. सगळेच असं करतात."

"आणि फ्रीज?"

"गाडीवर कुठला फ्रीज, ताई?"

"मग तपासायला कुणी येतं की नाही? परवाना-बिरवाना आहे का तुझ्याकडे?"

"आहे की! नोंदणीचा कागद आहे. घरी पेटीत ठेवलाय नीट. इथं लावला तर तेलकट होईल ना!"

मला हसावं की रडावं कळेना. जो कागद गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून असतो, तो याने पेटीत जपून ठेवलेला. आणि मीही इतकी वर्षं त्या गाडीवर खातेय, मला तरी कुठे कधी विचारावंसं वाटलं?

मैत्रिणींनो, विचार करा. मुलाचा निकाल आपण किती बारकाईने बघतो! गणितात दोन मार्क का गेले, यासाठी बाईंना जाऊन भेटतो. पण ज्याच्या हातचं आपलं पोर खातं, त्या हॉटेलचा, गाडीचा, बेकरीचा निकाल काय लागला हे आपल्याला कधी कळतं का? तपासणी होते, नमुने नेले जातात, नोटिसा निघतात. पण हा सगळा कारभार साहेब आणि मालक यांच्यातच राहतो. पैसे मोजणारी आणि पोराला दवाखान्यात नेणारी आपण, आपल्याला मात्र काहीच पत्ता नाही.

तुम्ही म्हणाल, गाडीवरचं खाल्लं म्हणून असं झालं. चांगल्या काचेच्या हॉटेलात गेलं की प्रश्न मिटला. मीही तसंच समजत होते. पण आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवा. नगरजवळचं केडगाव. पुण्याला जाताना आपण केडगावच्या देवीला हात जोडतो, तेच. तिथल्या मॅकडोनाल्ड्सची अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तपासणी केली. प्रशासनाचं म्हणणं असं होतं की, काही पदार्थांच्या नावात 'चीज' आहे, पण त्यात चीजसारखा दिसणारा पर्यायी पदार्थ वापरला जातोय, आणि तसं ना पाटीवर लिहिलंय, ना लेबलवर. असा पर्यायी पदार्थ म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाच्या जागी सगळं किंवा थोडं वनस्पती तेल घालून केलेला. नोटीस निघाली, त्या दुकानाचा परवाना निलंबित झाला. पुढे काही पदार्थांची नावंच बदलली. 'चीझी नगेट्स'चे झाले 'व्हेज नगेट्स' आणि 'ब्लूबेरी चीजकेक'चा झाला नुसता 'ब्लूबेरी केक'! फेब्रुवारी २०२४ मध्ये ही बातमी देशभर गाजली, तेव्हा कंपनीने हे सगळं नाकारलं. आम्ही खरंच चीज वापरतो, असं ठामपणे सांगितलं. नंतर केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही आमचं चीज शंभर टक्के खरं असल्याला दुजोरा दिलाय, असं कंपनीने जाहीर केलं.

आता यात खरं कोण, खोटं कोण, हे ठरवायला मी बसलेली नाही. तो माझा अधिकारही नाही. आणि एक गोष्ट स्वच्छ सांगते, पर्यायी चीज म्हणजे काही विष नव्हे. ते खाऊन कुणाला बाधा झाली असा तो प्रश्नच नव्हता. प्रश्न नावाचा होता. जे नाव घेऊन विकता, तेच ताटात आहे का? नसेल तर तसं सांगा, मग घ्यायचं की नाही ते गिऱ्हाईक ठरवील. पण मला या प्रकरणात खटकलं ते वेगळंच. तपासणी झाली ऑक्टोबरात आणि आपल्याला कळलं फेब्रुवारीत! मधले चार महिने लोकांना ना प्रशासनाचं म्हणणं ठाऊक, ना कंपनीचं. आणि कळलं तेही नाव जगभर माहीत असलेलं, म्हणून. एखाद्या साध्या हॉटेलचं असतं तर केडगावच्या बाहेर तरी गेलं असतं का?

खरं तर कायदा आपल्याकडे चांगला आहे. पूर्वी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. आता अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आहे आणि तो ऑगस्ट २०११ पासून लागू झालाय. चहाच्या टपरीपासून पंचतारांकित हॉटेलपर्यंत प्रत्येकाला नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याला चौदा आकडी नंबर असतो. तो कागद दुकानात दिसेल असा लावायचा असतो आणि १ जानेवारी २०२२ पासून तो नंबर बिलावरही छापणं बंधनकारक आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतात. प्रयोगशाळेने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मालकाला मान्य नसेल तर अपील करता येतं. म्हणजे विकणाऱ्यावरही अन्याय होऊ नये, याची सोय कायद्यात आहे. आधी सुधारणेची नोटीस, नाही सुधारलं तर परवाना निलंबित, तरीही नाही तर रद्द. गलिच्छ जागेत अन्न केलं तर एक लाखापर्यंत दंड. आणि असुरक्षित अन्नाने कुणाचा जीव गेला तर किमान सात वर्षं कैद, प्रसंगी जन्मठेपसुद्धा.

आणि जीव जातात हो! मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्दच्या बाजूला रस्त्यावरचा चिकन शॉर्मा खाऊन १९ वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच वर्षी अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या बर्गरमधल्या कच्च्या कांद्यामुळे शंभरावर माणसं आजारी पडली, एक जण गेला. पण तिथला फरक बघा. कशामुळे झालं असावं, किती आजारी, कुठल्या राज्यात, हे सरकारी आरोग्य यंत्रणेने स्वतः जाहीर केलं आणि आकडे वाढत गेले तसतसे सांगत राहिली. कुणी लपवाछपवी केली नाही.

न्यूयॉर्क शहरात २०१० पासून प्रत्येक हॉटेलच्या दर्शनी काचेवर तपासणीचा निकाल लावतात. ए, बी किंवा सी. अगदी आपल्या शाळेच्या श्रेणीसारखा! वेल्समध्ये २०१३ पासून शून्य ते पाच अशा आकड्यांचा स्टिकर दारावर लावणं सक्तीचं आहे. आत पाऊल टाकायच्या आधीच कळतं, इथलं स्वयंपाकघर पाच मार्कांचं की दोन मार्कांचं. आपल्याकडेही केंद्राच्या प्राधिकरणाने हसऱ्या चेहऱ्यांची स्वच्छता श्रेणी काढली आहे, एक ते पाच हसरे चेहरे. पण ती सगळ्यांना सक्तीची नाही. आता ज्याला पाच चेहरे मिळतील तो हौसेने लावील. ज्याला एकच मिळेल, तो कशाला लावतोय?

माझं म्हणणं एवढंच आहे. तपासणीचा निकाल दारावर लागला पाहिजे. मराठीत, मोठ्या अक्षरात, तारखेसह. कधी तपासलं, काय आढळलं, काय सुधारायला सांगितलं आणि ते सुधारलं का. नोटीस दिली असेल तर तीही, आणि मालकाचं उत्तरही. बस्स! दंड वाढवा, कायदे कडक करा, असं मी म्हणत नाही. आम्हाला वाचता येतं, आम्ही वाचू.

हे असं तावातावाने मी आमच्या बचतगटाच्या बैठकीत बोलले, तेव्हा दोघी-तिघींना ते पटलं नाही. एक जण म्हणाली, "ताई, गाडीवाल्यांच्या पोटावर पाय कशाला देता? आपल्या तालुक्यात ना उद्योग, ना धंदा. अर्धी माणसं दसरा झाला की कोयता घेऊन उसाला जातात. एखादा गावातच राहून गाडी लावतो, तर त्याच्यामागे हे झंझट." तिचं बोलणं खोटं नव्हतं. तिचा स्वतःचा दीर दोन वर्षांपूर्वीच ऊसतोड सोडून वडापाव विकायला लागलाय. दुसरी म्हणाली, "त्यापेक्षा बाहेरचं खाऊच नये ना! आपल्या वेळी होतं का हे?"

हे 'बाहेरचं खाऊच नये' मला आता पटत नाही. वाड्यावस्त्यांवरून पाथर्डीत शिकायला येणाऱ्या मुली सकाळी सहाच्या एसटीने निघतात. त्यांनी काय करायचं? नोकरी करणाऱ्या, बाजारहाटाला येणाऱ्या, कोर्टकचेरीला आलेल्या बायका काय दरवेळी भाकरी बांधून आणतील? मढीच्या यात्रेला, मोहट्याच्या नवरात्राला लाखांनी माणूस येतं, ते काय खाणार? बाहेरचं खाणं आता चैन राहिलेली नाही, गरज झालीय. गरजेला 'खाऊ नका' हे उत्तर नसतं. 'चांगलं मिळू द्या' हे असतं.

आणि पोटावर पाय म्हणाल, तर निकाल दारावर लागल्याने चांगल्या माणसाचं पोटच भरेल. जो रोज ताजं तेल वापरतो, झाकून ठेवतो, पाणी शुद्ध ठेवतो, त्याला आज काय मिळतं? काहीच नाही. शेजारचा तेच काळं तेल चार दिवस तळून दोन रुपये स्वस्त देतो आणि गर्दी खेचतो. वापरून वापरून तेलात घातक द्रव्यं तयार होतात. ती पंचवीस टक्क्यांच्या वर गेली तर ते तेल वापरायचं नाही, असा नियम २०१८ पासून आहे. पण तेल काळं झालंय हे आपल्याला दिसतं तरी, भात किती वाजता शिजवलाय ते कसं दिसणार? ते तपासणाऱ्यालाच कळणार, आणि म्हणूनच त्याने ते आपल्याला सांगायला हवं.

बैठकीत हे सगळं ऐकून घेतल्यावर आमच्या गटातल्या सगळ्यांत मोठ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "ते सगळं खरं गं बाई. पण आपल्या पापडाच्या पिशवीवर कुठंय तो चौदा आकडी नंबर?"

एकदम सगळ्या गप्प! आमचा गट सात वर्षं पापड, कुरडया आणि दिवाळीचा फराळ विकतो. नवरात्रात मोहट्याच्या वाटेवर स्टॉलही लावतो. 'घरगुती, शुद्ध आणि स्वच्छ' असं पिशवीवर छापलंय. ते आम्हीच ठरवलेलं. आमची तपासणी कोणी केली? आमचा निकाल कोणी लावला? मी त्या पोराला पेटीतल्या कागदावरून बोलले होते, आमच्याकडे तर पेटीतसुद्धा कागद नव्हता! खरं सांगते, त्या दिवशी मान खाली घालून घरी आले.

मग लागलो कामाला. सेवा केंद्रात जाऊन ऑनलाइन अर्ज केला. फी नाममात्र आहे, कागदपत्रंही फार नाहीत. पण अर्ज भरताना आमच्याच पोटात गोळा आला. साहेब आले तर? चूक काढली तर? तेव्हा त्या गाडीवाल्या पोराची भीती कळली. तपासणी म्हणजे धाड, असंच आपल्या डोक्यात बसलंय. शाळेत साहेब येणार म्हटलं की गुरुजी जसे भिंती रंगवायला काढायचे, तसंच. खरं तर तपासणारा माणूस शिकवणाराही असायला हवा. भात शिजवला की पसरट ताटात पातळ पसरून लवकर थंड कर, लागेल तेवढाच दोन खेपांना शिजव, उरलेला बाहेर ठेवू नकोस, हे त्या पोराला आधी कुणीतरी सांगितलं असतं तर कदाचित माझ्या धाकट्याला सलाईन लागलं नसतं.

आता आम्ही डोक्याला रुमाल बांधतो. बोट कापलेलं असेल तर ती बाई त्या दिवशी पिठाला हात लावत नाही, कारण जखमेतले जंतूही अन्नात विष करतात. पिशवीवर नंबर छापलाय, केल्याची तारीखही टाकतो. विक्री काही कमी झाली नाही. उलट एका बाईंनी स्टॉलवर नंबर बघून "वा!" म्हटलं, तेव्हा मावशींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तेव्हा मैत्रिणींनो, सरकार दारावर निकाल लावील तेव्हा लावील. तोपर्यंत आपण एक करू या. विचारू या. भांडायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं विचारायचं. "भाऊ, तुमचा नोंदणीचा कागद कुठंय?" "भात कधीचा आहे?" "तेल आजचंच का?" मोठ्या हॉटेलात गेलात तर बिलावरचा नंबर बघा आणि 'पनीर' म्हणून काय देताय, 'चीज' म्हणून काय देताय, हेही विचारा. काचेचं दार बघून दबून जाऊ नका. शंका आली तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा फुकटचा फोन आहे. खाऊन त्रास झाला तर बिल आणि उरलेला पदार्थ टाकून देऊ नका, डॉक्टरांना काय, कधी खाल्लं ते नीट सांगा. कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून नमुना तपासून घेता येतो. हा हक्क आपला आहे, तो किती जणींना माहीत आहे?

आणि हो, ही पुरवणी वाचून झाली की तिच्यात भजी बांधू नका, कुणाला बांधूही देऊ नका. छपाईच्या शाईतली घातक द्रव्यं गरम तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं प्राधिकरण सांगून थकलंय. माझा लेख भज्यांबरोबर पोटात जाण्यापेक्षा डोक्यात गेला तर बरं!

परवा त्या गाडीवरून गेले. कागद लॅमिनेट करून समोर टांगलाय. मला बघून पोरगा हसला. म्हणाला, "ताई, आता दोनदा शिजवतो भात." खरं का खोटं, मला माहीत नाही. माझ्याकडे तपासायचं यंत्र नाही आणि त्याच्या दारावर निकाल नाही. धाकटा तिथं थांबायला तयार नव्हता, पण त्याच्या वर्गातली चार पोरं बाकड्यावर बसून ताटल्या चाटून पुसून खात होती.

त्यांच्यासाठी मी थांबले आणि विचारलं, "आजचा भात किती वाजताचा आहे रे?"